धान्यबँक आणि परसबाग निधी : जव्हार-मोखाडा पट्ट्यातल्या कामाच्या नोंदी

२७ मार्च २०२४

पालघर जिल्ह्यातल्या तीन पाड्यांवर धान्यबँक (पावसाळ्यात घरांना धान्य उधार द्यायचं, कापणीनंतर परत घ्यायचं) आणि परसबागेसाठी निधी उभा करायचा आहे. घरांची यादी करायला होळीचा आठवडा मुद्दाम निवडला. वीटभट्टीवर गेलेली घरं वर्षातून दोनदाच पाड्यावर भरलेली सापडतात, शिमग्याला आणि पावसाच्या तोंडाला. जानेवारीत यादी केली की नेमकी हीच घरं 'बंद' म्हणून नोंदली जातात आणि निधीतून कायमची गळतात.

तिन्ही पाड्यांवर उपासमारीचं वर्ष मांडून घेतलं. जमिनीवर बारा चौकोन, प्रत्येक महिन्याला घरात किती दाणे ते खड्यांनी. चित्र सगळीकडे एकच. मार्गशीर्ष-पौषात खडे भरपूर, जेठ संपता संपता ओहोटी, आषाढ-श्रावण-भादवा जवळजवळ रिकामे. हळवं (लवकर पिकणारं) भात हाताला आलं की दसऱ्याच्या सुमारास पुन्हा खडे दिसायला लागतात. कारणं साखळीने येतात. भट्टीवरची उरलेली मजुरी घरकामात, बियाण्यात, जुन्या उधारीत जाते. मुसळधार पावसात रोजगार हमीची कामं बंद असतात. ओढ्यांना पाणी आलं की बाजाराचा रस्ता तुटतो, आणि पाड्यावरचा दुकानदार तेव्हाच भाव चढवतो.

हिशेब असा बसतो. पाच माणसांच्या कष्टकरी घराला महिन्याला साधारण ५५ किलो धान्य लागतं. प्राधान्य कुटुंबाच्या रेशन कार्डावर माणशी ५ किलोप्रमाणे २५ किलो मिळतं. तूट ३० किलोची. तीन महिन्यांचे ९० किलो. केंद्राच्या जुन्या धान्यबँक योजनेत (१९९६-९७ पासून) कुटुंबामागे एक क्विंटल धरला होता, तो आकडा या हिशेबाच्या जवळ जातो. पण एक क्विंटल भात भरडल्यावर तांदूळ निघतो ६२ ते ६५ किलो, म्हणजे दोनच महिने भागतात. तिसऱ्यासाठी नागली (नाचणी) धरली, घरटी २५ किलो.

४ एप्रिल २०२४

यादी. सगळेच गरीब, सगळ्यांनाच द्या, हे प्रत्येक पाड्यावर पहिल्या अर्ध्या तासात ऐकू येतं. ते खरंही असतं. दारिद्र्यरेषा, पक्कं घर, मोटारसायकल असले निकष इथे काही वेगळं करत नाहीत. उपयोगी पडलेला प्रश्न एकच: श्रावणात पायलीभर तांदूळ मागायला कोण जातं, आणि कोणाकडे जातं? देणारी घरं पाच-सहा निघतात. मागणाऱ्यांत पुन्हा दोन थर: फेडू शकणारे, आणि ज्यांना आता कोणी देत नाही असे. निधी या तळच्या थरापासून वर मोजायचा.

या थरात येतात ती एकट्या बायांची घरं, म्हातारा-म्हातारी नातवंडांसह (मुलगा-सून भट्टीवर), वनहक्काचा दावा अडकून पडलेले, आणि कातकरी. कातकऱ्यांची वस्ती बहुधा पाड्याच्या कडेला असते आणि सभेत ते मागे उभे राहतात. त्यांची बैठक त्यांच्याच वस्तीवर वेगळी घ्यावी लागते.

फक्त बचत गटामार्फत वाटप करायचं टाळलं. दर आठवड्याची बचत भरणं हीच गटाची अट असते, आणि सहा महिने बाहेर असणारी बाई ती भरू शकत नाही. गट चांगला चालतो म्हणून गटाला पैसे द्यायचे, हे देणाऱ्याला सोयीचं असतं. उपाशी घर त्या गटात नसतं. पाड्याची वेगळी धान्य समिती केली: सात जणी, त्यांतल्या चार तळच्या थरातल्या, गटाच्या दोघी हिशेबासाठी.

१८ एप्रिल २०२४

पैशाची बाजू. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चपासून लागू, पालघरचं मतदान २० मे. ग्रामपंचायतीकडून पेसाच्या (आदिवासी भागासाठीच्या पंचायत कायद्याच्या) पाच टक्के अबंध निधीतला ठराव आता होणार नाही. तो पावसाळ्यानंतरच्या कामासाठी ठेवला. ग्रामसंघाचा (गावातल्या बचत गटांच्या संघाचा) अडीअडचणीसाठी जोखीम प्रवणता निधी असतो, पण तो सदस्यांपुरता.

कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून पैसे घेताना मंजुरीपत्रात 'चालू प्रकल्प' असा उल्लेख आधीच करून घ्यावा. तसं असेल तर सुरुवातीच्या वर्षाशिवाय आणखी तीन आर्थिक वर्षं खर्चाला मिळतात, आणि न खर्चलेली रक्कम कंपनीला वर्ष संपल्यावर तीस दिवसांत वेगळ्या खात्यात टाकता येते. तसं नसेल तर ३१ मार्चपर्यंत 'खर्च दाखवा' असा तगादा लागतो आणि फेब्रुवारीत नको ती खरेदी होते.

परदेशी देणगीचं वेगळं. त्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या कोणाला वर्ग करता येत नाही. म्हणजे पाड्याच्या समितीच्या खात्यावर अनुदान टाकायचं नाही; धान्य आणि साहित्य संस्थेने स्वतः विकत घेऊन पोचवायचं, बिलं स्वतःच्या नावाची. प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के. म्हणून या कामात समितीच्या हाती द्यायची रोकड देशी निधीतून आणि काटा, कोठ्या, पत्रे दुसऱ्यातून, अशी विभागणी पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या खतावण्यांत ठेवली.

सगळ्यात मोठी अडचण वेळेची. नव्या वर्षाच्या निधीची मंजुरी जुलै-ऑगस्टमध्ये हाती पडते. तोपर्यंत परसबागेचा हंगाम गेलेला असतो आणि भूक ऐन भरात असते. उलट भात खरेदी नोव्हेंबर ते जानेवारीतली, ती आर्थिक वर्षात आरामात बसते. खर्च डिसेंबरचा, खाणं पुढच्या आषाढातलं. म्हणून वेळापत्रक असं बांधलं:

धान्य खरेदी – नोव्हेंबर ते जानेवारी, चालू वर्षाच्या निधीतून.
बियाणं, कुंपण, कोठ्यांची दुरुस्ती – फेब्रुवारी-मार्चमध्ये खरेदी, त्याच वर्षाच्या निधीतून, वापर जूनमध्ये.
जून ते सप्टेंबर – फक्त वाटप, कोंबड्यांच्या लसी, भरडाईचं भाडं. नवा मोठा खर्च नाही.

यंदाच्या पावसाळ्यासाठी भात आत्ताच घ्यावं लागेल, चढ्या भावाने. पाड्यामागे १० क्विंटलच घ्यायचं ठरलं. पूर्ण साठा कापणीनंतर.

१२ मे २०२४

साठवण. बांबूची कणगी घ्यायची की पत्र्याची कोठी, यावर दोन पाड्यांनी कणगी निवडली, एकाने कोठी. कणगीसाठी सुतळीने मोजून १.२ मीटर व्यास आणि १.५ मीटर उंची पक्की केली. त्यात साधारण १.७ घनमीटर जागा होते; भात घनमीटरला ५७५ किलोच्या आसपास बसतं, म्हणजे एका कणगीत पावणेदहा क्विंटल. तीस क्विंटलला तीन कणग्या आणि वर थोडी पोती.

लिंपण शेण, चिकणमाती आणि चाळलेल्या राखेचं, आतून-बाहेरून दोन हात. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. घाईत दिला की आतला ओलावा कोंडतो, पावसाळ्यात लिंपण पोपडे धरून सुटतं आणि त्या फटीत सोंडे घर करतात.

मचाण तीन फूट उंच. उंदीर उभा अडीच फुटांपर्यंत उडी मारतो, म्हणून त्याहून खाली चालत नाही. प्रत्येक खांबाला पत्र्याचं नरसाळं उलटं, खालचं तोंड खांबापासून चहूबाजूंनी वीतभर बाहेर. भिंतीपासून दीड फूट अंतर. नरसाळी बसवून मचाणाला शिडी टेकून ठेवली तर सगळं फुकट, आणि शिडी हमखास टेकलेलीच सापडते. शिडीला वेगळी खुंटी ठोकली.

२१ जून २०२४

केंद्राने १९ तारखेला हमीभाव जाहीर केले: साधं भात २,३०० रुपये, नागली ४,२९० रुपये क्विंटल. हिवाळ्याच्या खरेदीचं अंदाजपत्रक याच दराने. तीस घरांच्या पाड्याला ३० क्विंटल भाताचे ६९,००० आणि साडेसात क्विंटल नागलीचे ३२,१७५. बेरीज १,०१,१७५ रुपये. बाजारात कापणीला यापेक्षा स्वस्त मिळतं हे खरं. पण ज्यांच्यासाठी बँक, त्यांच्याच खळ्यावरून पडत्या भावाने भात उचलायचं, तर पालेमोड (पीक हाती येण्याआधीच सावकाराने ते पडत्या भावाने घ्यायची पद्धत) काय वाईट होती?

उचलीचे नियम समितीने ठरवले, आज वाचून दाखवले. घरटी एक क्विंटल भात दोन हप्त्यांत, आषाढात आणि श्रावणाच्या शेवटी. परतफेड क्विंटलला दहा किलो वाढीने. सावकाराची सवाई-दिढी (सव्वापट-दीडपट फेड) डोक्यात असल्यामुळे काहींनी सवाईच सुचवली होती, 'बँक मोठी होईल' म्हणून. दहा किलोंचा हिशेब मांडून दाखवला: तीन ते पाच किलो घट (वाळणं, कीड, सांड), दोन किलो वाहतूक-हमाली, उरलेले आजारपण-मयतीत माफ करायच्या धान्यासाठी. बँक मोठी करायची असेल तर निधी आणायचा, भुकेल्याच्या पोत्यातून नाही.

फेड धान्यातच, कारण श्रावणातला आणि दिवाळीतला भाव यांत मोठा फरक असतो. ज्यांना शेतच नाही त्यांनी कापणीच्या दिवसांतल्या भावाने रोख द्यायची. समिती त्याचं भात घेते. दोन कुलुपं, किल्ल्या दोन वेगळ्या घरी, त्यांतली एक तळच्या थरातल्या बाईकडे.

पायलीने मोजायचं बंद. पायली प्रत्येक घरची वेगळी, आणि शिगोशीग की सपाट यावरून भांडण. ५० किलोचा टांगता काटा घेतला. वाटप सुरू करण्याआधी दर वेळी त्याला मिठाची सीलबंद एक किलोची दहा पाकिटं टांगून सगळ्यांसमोर तपासायचा.

२ जुलै २०२४

परसबाग. दरवर्षी बियाण्याच्या तयार पिशव्या वाटल्या जातात आणि ऑगस्टमध्ये फक्त भोपळ्याचा वेल उरतो. त्यामागे तीन-चार कारणं आहेत.

पहिलं, वाफे सपाट. या पट्ट्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मेथी-पालक कुजणारच. गादीवाफा तीन फूट रुंद, दहा फूट लांब, नऊ इंच उंच, मधल्या चरीला उतार. दुसरं, बियाणं पाकिटाच्या मापाने. एका वाफ्यात भेंडीची वीस-बावीस झाडं मावतात. ५ ग्रॅममध्ये ऐंशीच्या आसपास बी असतं, तेवढं पुरून उरतं. तरी पिशवीत २५-५० ग्रॅम भरलेलं असतं आणि पैसे तिथेच संपतात. तिसरं, कुंपण. २० × २० फुटांच्या बागेला ८० फूट कुड लागतो. खर्चाचा सगळ्यात मोठा भाग तोच, आणि अंदाजपत्रकात पहिली कात्रीही त्यालाच लागते. कुड नसेल तर बी शेळ्या-कोंबड्यांना वाटल्यासारखंच. इथे प्रस्तावातच आधी कुडाची ओळ, मग बियाण्याची.

चौथं कारण जरा खोल आहे. आषाढ-श्रावणात रानभाजी मुबलक असते: टाकळा, कुरडू, भारंगी, कवळी, करटोली. तेव्हा परसात माठ लावून घराच्या ताटात फारशी भर पडत नाही. भाजीची खरी चणचण फेब्रुवारी ते मे. म्हणून आत्ता वेल (दुधी, शिराळी, कारली, डांगर), आंबाडी आणि मिरची-वांग्याची रोपं. भात निघाल्यावर ओलाव्यावर वाल. बांधाला शेवगा, घरटी दोन, फांदीचे कलम नव्हे तर पिशवीतली रोपं, कारण या पावसात फांद्या कुजतात. आणि न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळ.

भट्टीवर जाणाऱ्या घरांना पाणी घालायला कोणी नसतं. त्यांना सुरण, कोनफळ, करांदे, रताळी. मातीत पडून राहतात, परत आल्यावर काढता येतात. डुकरांचा त्रास असेल तिथे घराच्या भिंतीलगतच.

सगळं बी सरळ वाणाचं, संकरित नको, म्हणजे पुढच्या वर्षी विकत घ्यायला लागणार नाही. जव्हार आणि अकोले (नगर जिल्हा) तालुक्यांच्या बाजूला बायफ या संस्थेच्या मदतीने उभ्या राहिलेल्या बियाणे बँकांमुळे वाल-घेवड्याचे स्थानिक वाण मिळतात, ते आधी.

२३ जुलै २०२४

नदीकाठच्या पाड्यावर एका कणगीत हात कोपरापर्यंत घातला तर ऊब लागली. वर भात ठीक, मध्ये गरम, वास आंबूस. पहिल्या हप्त्यानंतर झाकण नीट लिंपलं नव्हतं आणि मेमध्ये घेतलेल्या भातातली दोन पोती बाकीच्यापेक्षा ओली होती.

उपाय: सगळं बाहेर काढलं, ओसरीत ताडपत्रीवर चार बोटं थर, खाली विस्तवाची पाटी नाही (धुराचा वास तांदळाला लागतो आणि मग ते कोणी घेत नाही), दिवसातून तीन-चारदा हलवणं. उघाड मिळाली तेवढी ऊन. बुरशी आलेलं पाचेक किलो वेगळं काढून टाकलं. कोंबड्यांनाही घातलं नाही, बुरशीचं विष त्यांनाही बाधतं.

ओलावा तपासायला मीटर आणायची गरज नाही. कोरडी काचेची बाटली, तव्यावर भाजून थंड केलेलं दोन चमचे मीठ, वर एक तृतीयांश भात. बूच लावून दोन-तीन मिनिटं हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर, साठवण नको. चिकटलं नाही तर चालेल. दाताखाली 'कट्' वाजणं हीही जुनी खूण, पण प्रत्येकाचे दात वेगळे. बाटली प्रत्येक समितीकडे दिली.

बाजारातून विषारी वायूच्या गोळ्या आणून कणगीत टाकायची सूचना आली. ठाम नकार. कणगी राहत्या घरात किंवा त्याला लागून आहे. तो वायू माणसं मारतो, आणि त्या गोळ्या सर्रास विकायला परवानगीही नाही. भातात निर्गुडी-कडुनिंबाचा वाळलेला पाला, मुख्य भिस्त कोरडेपणावर. नागलीला ही काळजीच नाही. तिला कीड सहसा लागत नाही, वर्षानुवर्षं टिकते. भरडायला गिरणी लागत नाही, जात्यावर होते. रस्ता तुटला आणि वीज गेली की भाताची बँक कुलपात अडकते, नागलीची चालू राहते. पुढच्या साठ्यात नागलीचा वाटा वाढवावा.

१९ ऑगस्ट २०२४

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तिन्ही पाड्यांचा हिशेब फळ्यावर लिहिला: आलं, दिलं, शिल्लक, कोणाकडे किती. नावं लिहावीत का यावर चर्चा झाली. घेणाऱ्यांची नावं पाड्याच्या सभेत वाचायची, गावच्या फळ्यावर फक्त आकडे. उपासाची जाहिरात नको.

शिधापत्रिकांचं काम निधीतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फळणारं. लग्न झालेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी न झाल्यामुळे इथे चढत नाही, मुलांची नावं जन्मदाखल्यावाचून राहतात. एक नाव वाढलं की महिन्याला पाच किलो, वर्षाला ६० किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत. धान्यबँकेचा अर्ध्याहून जास्त क्विंटल झाला की हा! भाडं, झेरॉक्स आणि प्रतिज्ञापत्र एवढाच खर्च.

अंत्योदयबद्दल एक बारकावा. त्या कार्डावर घराला सरसकट ३५ किलो. सात माणसांपर्यंत ते फायद्याचं किंवा बरोबरीचं; आठ माणसांच्या घराला मात्र प्राधान्य कार्डावर ४० किलो मिळाले असते. मोठी एकत्र कुटुंबं विभक्त करून घेतली तर दोन्ही घरांचं भलं होतं. एकट्या म्हातारीला अंत्योदय मिळणं म्हणजे तिची भूक मिटणं, म्हणून जिथे जागा रिकामी होईल तिथे तिचा अर्ज पुढे.

९ सप्टेंबर २०२४

कोंबड्या. घरटी पाच माद्या, एक नर, गावठी. खरेदीपेक्षा लसीकरणाला पैसे ठेवले. मानमोडी (राणीखेत रोग) आली की आठवड्यात पाडा रिकामा होतो. त्यावरच्या लासोटा लसीची बाटली शंभर मात्रांची, एकदा विरघळवली की दोन तासांत संपवायची, तोवर बर्फात. म्हणजे एका घरासाठी उघडता येत नाही. अख्ख्या पाड्याची पिल्लं एकाच पहाटे हवीत, खुराडी उघडण्याआधी. आदल्या संध्याकाळी घरोघर निरोप, पहाटे पशुसखी थर्मास घेऊन पहिल्या घरापासून. डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. आठ आठवड्यांनंतर पंखाखालची टोचणी.

२५ नोव्हेंबर २०२४

वसुलीला तारीख नसते, खळं असतं. भात झोडलं, वारं दिलं, की तिथेच काटा टांगायचा. यंदा लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला झालं आणि पुढच्या पंधरवड्यात भट्टीच्या गाड्या यायला लागल्या. गाडीत बसल्यानंतर वसुली होळीपर्यंत लांबते, आणि तोवर भात घरच्यांनी खाल्लेलं किंवा दुकानात गेलेलं असतं. वरच्या पाड्याने प्रत्येक खळ्याचा दिवस आधी लिहून घेतला होता. तिथलं जवळजवळ सगळं आलं. घाटाखालच्या पाड्याने 'मोठी सभा घेऊन एकाच दिवशी' असं ठरवलं, तिथे बरीच घरं राहिली. विधानसभेच्या प्रचारामुळे सभेचा दिवसही दोनदा पुढे गेला.

फेडीत भेसळ नाही, पण पोचट भात येतं. सुपात पाखडून मगच काटा.

भट्टीवर जाणाऱ्यांना कार्डाचा नंबर कागदावर लिहून दिला. तिथल्या रास्त भाव दुकानातून कार्डावरचं थोडं धान्य उचलता येतं, उरलेलं घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांनी इथून घ्यायचं. नाही म्हणणारा दुकानदार भेटतोच. तक्रारीचा टोल-फ्री क्रमांक १९६७ त्याच कागदावर. गरोदर बायांचा अंगणवाडीतला अमृत आहार मात्र गाव सुटलं की सुटतो. त्यावर निधीतून उपाय सापडलेला नाही.

११ फेब्रुवारी २०२५

खरेदी पुरी. भात हमीभावाने, आधी पाड्यातून, कमी पडलं ते शेजारच्या गावातून. प्रत्येक पोत्याला बाटलीची परीक्षा. नागलीचा वाटा घरटी ४० किलोंवर नेला, भात तेवढं कमी.

जूनचं सगळं आत्ताच बिलात: बी, कामट्या, ताडपत्र्या (घरटी नव्हे, पाड्याला तीन), शेवग्याची रोपं करायला पिशव्या. बी साठवायला राख घातलेल्या बाटल्या, बूच मेणाने बंद. उपयोगिता प्रमाणपत्रासाठी खतावणी, साठा नोंदवही आणि वाटप पत्रक या तीन वह्यांचे आकडे जुळायला हवेत. साठ्यातली घट वेगळ्या ओळीत लिहिली की लेखापरीक्षक विचारत नाही, लपवली की विचारतो.

३० मे २०२५

पावसाने सगळं वेळापत्रक उलटवलं. मोसमी पाऊस २६ तारखेलाच मुंबईत दाखल झाला. एरवी ११ जूनच्या सुमारास येतो. त्याआधीच्या वळवाने भट्ट्यांवरच्या कच्च्या विटा विरघळल्या, कामं लवकर बंद झाली. विटांच्या हिशेबावर भट्टीमालकाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते, ती न फिटताच माणसं परत आली. पाड्यावर राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजायची जागा) भाजून झालेले नव्हते तिथे पालापाचोळा भिजला.

नियमाप्रमाणे पहिला हप्ता आषाढात, म्हणजे अजून महिना. समित्यांनी आज बैठक घेऊन नियम बदलला: तिथीवर नाही, पाऊस लागून सलग आठ दिवस मजुरी बंद राहिली की हप्ता उघडायचा, निर्णय समितीचा, संस्थेची परवानगी नको. पहिला हप्ता नागलीचा, कारण भरडाईला गाडी खाली जाण्याइतकी उघाड नाही.

उद्याची कामं: तिन्ही ठिकाणी कणगी-कोठीत हात घालून ऊब तपासणे; वरच्या पाड्याचं उत्तरेकडचं लिंपण; काट्याची तपासणी; घाटाखालच्या पाड्यावरच्या राहिलेल्या वसुलीचं काय, तो विषय हप्ता वाटून झाल्यावर. आधी वसुली मग वाटप अशी अट तिथे काहींनी मांडली होती, ती समितीने फेटाळली.